घसरायचंच तर कुठल्या फोर बाय फोरमध्ये?

मे महिन्यात मुंबईची भावंडं दापोलीला आली की ओटीवर हा विषय निघतोच. पुढच्या हिवाळ्यात हिमाचलात अटल बोगद्यापलीकडे सिस्सूला जाऊ, बर्फात गाडी मनसोक्त घसरवू. पण चारही चाकांना ताकद देणारी, म्हणजे फोर बाय फोर, गाडी कुठली घ्यायची? थार-जिम्नीसारखी लिव्हरने हाताने बदलायची, की ग्रँड विटारासारखी आपोआप बदलणारी ऑल व्हील ड्राइव्ह? बर्फात आठवडाभर जाणार आणि उरलेलं वर्ष आमच्या घाटीत, म्हणजे गावातल्या चढणीच्या वाटेवर. इथे पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरलं की माणूससुद्धा चप्पल हातात घेऊन चालतो. तेव्हा गाडी घ्यायची ती दोन्हीकडचा विचार करूनच.

लिव्हर फोर-एचला, म्हणजे चारही चाकांवर, टाकला की जिम्नी आणि थारमध्ये पुढच्या-मागच्या चाकांना ताकद नेणारे शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल मध्ये नाही. कोरड्या डांबरावर वळताना गाडी अडल्यासारखी होते, टायर खरवडतात. म्हणून तिथे टू-एच, म्हणजे दोनच चाकांना ताकद. बर्फात किंवा लाल चिखलात मात्र चाकं थोडी सरकतात आणि तो ताण निघून जातो. ग्रँड विटारा एरवी पुढच्या चाकांवर चालते, गरज वाटली की कपलिंग मागे ताकद पाठवतं. ऑटो, सँड, स्नो, लॉक असे मोड डायलवर. लो रेंज, म्हणजे वेग कमी आणि ओढ जास्त देणारा गिअर, नाही, आणि चढणीच्या वाडीत नेमकी तीच लागते. जांभ्याच्या खडबडीत चढावर थार-जिम्नीच्या फोर-एलमध्ये, म्हणजे याच लो रेंजमध्ये, गाडी क्लच न जाळता मुंगीच्या पावलांनी वर येते.

आता घसरण्याचं. टू-एचमध्ये थार आणि जिम्नी मागच्या चाकांवर चालतात, त्यामुळे निसरड्यावर ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला की शेपूट बाहेर. शिकायला हे उत्तम, वस्तीतल्या रस्त्यावर भयंकर. फोर-एचमध्ये तीच गाडी वळणात आधी नाकासमोर सरळ जायला बघते. ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात, शेपूट फिरू लागतं. मग स्टिअरिंग उलट आणि ॲक्सिलरेटर हळूहळू परत. जिम्नी साधारण १२०० किलोची. फिरायला लागली तर लवकर सावरते. थार तिच्यापेक्षा बरीच जड, एकदा झोका घेतला की तो पुरा करूनच थांबते. आणि फोर-एचमध्ये हँडब्रेक ओढून फिरवायचा नाद नको. शाफ्ट बांधलेले असल्याने तो झटका पुढच्या चाकांपर्यंत आणि पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर जातो.

ऑल व्हील ड्राइव्हला ड्रिफ्टिंगची, म्हणजे मुद्दाम शेपूट घसरवायची, हौस नाही. स्नो मोड ताकद हळुवार देतो, आणि चाक फिरायला लागलं की इलेक्ट्रॉनिक्स ब्रेक लावून ते आवरतं. मागच्या सीटवर आई-बाबा असतील तर मी हीच घेईन, मुकाट्याने. हायवेवर, घाटातल्या पावसात, टोलच्या रांगेत ती लिव्हरवालीपेक्षा कितीतरी सुखाची.

पण एक गोष्ट दोघींना सारखीच. फोर बाय फोर गाडीला पळवते, थांबवत नाही. कोरड्या डांबरावर ताशी ४० ला ब्रेक दाबला तर गाडी अंदाजे ९ मीटरमध्ये थांबते, दाबलेल्या बर्फावर तेच ३० मीटरच्या पुढे जातं. गुळगुळीत काचबर्फावर तर विचारू नका. त्यामुळे गाडीपेक्षा टायरवर पैसे घाला. आपले नेहमीचे टायर थंडीत कडक होतात. हिवाळी टायरचं रबर ७ अंशांखालीही मऊ राहतं, पण इथल्या उन्हात ते भराभर झिजेल. मधला मार्ग म्हणजे ऑल-टेरेन टायर, शिवाय टायरला बांधायच्या चेन डिकीत. बर्फ पडला की मनालीजवळ सोलंगकडे पोलीस बऱ्याचदा फक्त फोर बाय फोर गाड्या पुढे सोडतात, एवढा उपयोग दोन्हींचा आहेच.

सरावासाठी कुणी किनारा सुचवेल. नको. ओली वाळू वरून घट्ट दिसते, चाक फिरलं की खाली बसते, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. शिवाय वेळास, आंजर्ले, गुहागरच्या वाळूत हिवाळ्यात कासवं अंडी घालतात. त्यापेक्षा पावसाळ्यात एखाद्या ओळखीच्या माणसाच्या सड्यावर, मोकळ्या सपाटीवर, विचारून, ताशी २० च्या आत गोल फेऱ्या मारा. शेपूट सुटताना सीटखाली जी चाहूल लागते तीच बर्फातही लागते.

माझ्याच घरापुरतं विचाराल तर जिम्नी. घाटी रोजची आहे आणि सिस्सू वर्षातून एकदा. फक्त मागची जागा आणि डिकी तोकडी आहे. आजीसाठी सामान आणि दोन पेट्या आंबे एकाच फेरीत बसत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.