इतिहास हातानं करून बघितला: शाळेचं एक वर्ष झाल्यावर

गेल्या जूनपासून घरची दोन आणि गल्लीतली तीन-चार पोरं घेऊन रविवारी दुपारी इतिहासातल्या गोष्टी हातानं करून बघायचा हा उद्योग चालू आहे. वय आठ ते बारा, गाव अमळनेर. बऱ्याच पालकांनी विचारलं, म्हणून एकदाच लिहितो.

सगळ्यात भारी निघाला तो कापूस. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आपल्या फैजपूरला झालं, नेहरू अध्यक्ष होते, हे पोरांना दोन ओळींत सांगून होतं. खादी तशी सांगून होत नाही. शेतातून कापूस आणला आणि सरकी बोटांनी काढायला बसवलं. तासाभरात मूठभर रुई निघेना, पोरं वैतागली. मग पाटावर कापूस ठेवून लोखंडी सळई लाटण्यासारखी फिरवली, तशी सरकी पुढं सटकायला लागली. पेळू म्हणजे रुईची लांबट वळी केली, टकळी म्हणजे हातानं सूत कातायची चाती फिरवली, सूत तुटत राहिलं. शेवटी हातभर धागा निघाला तेव्हा धाकटीनं बापाच्या सदऱ्याची बाही ताणून उभे-आडवे धागे मोजायला घेतले आणि मध्येच सोडून दिले. रोज कातायचा नेम लोक का धरत, हे मला वेगळं समजवावं लागलं नाही.

मातीचं काम अवघड, पण सोडू नका. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे इथं 1954-55 मध्ये उत्खनन झालं, तिथं ताम्रपाषाण काळातली, म्हणजे माणूस तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरायचा तेव्हाची, भांडी मिळाली. आमच्या काळ्या मातीच्या वाट्या मात्र सावलीत वाळतानाच तडकल्या. ओळखीच्या कुंभारदादांनी राख आणि लीद मिसळायला सांगितली, तेव्हा कुठं जमलं. गोवऱ्यांच्या आगीत निम्म्या फुटल्या, ते बरंच झालं. ती खापरं परसात पुरली आणि दुसऱ्या पोरांना उकरायला दिली. कोणता तुकडा कोणत्या वाटीचा यावरून जी भांडणं झाली ती ऐकण्यासारखी होती. (आजी ओट्यावरून ओरडत होती, "काय करी ऱ्हायना रे भाऊ?")

चाळीसगावजवळच्या पाटण्याला अश्मयुगातले शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडलेत. कोंबडीच्या अंड्याचं कवच पातळ, दाभण लावलं की चुरा. नारळाच्या करवंटीवर काम भागलं, पण मोठं माणूस शेजारी हवंच.

साफ फसलेली गोष्ट म्हणजे थर्माकोलचा किल्ला. स्टेशनरीच्या दुकानातून शीट आणायची, आईनं रात्री कापायची, पोरानं सकाळी रंग द्यायचा. त्यात पोराला काहीच अडत नाही, म्हणून काही कळतही नाही. त्यापेक्षा पारोळ्याचा भुईकोट किल्ला दाखवा आणि घरी येऊन अंगणात खंदक खणून पाणी सोडा. मुरमात पाणी लगेच जिरतं, काळ्या मातीत थांबतं. मग पोरं आपणच माती बदलायला लागतात.

खर्च फारसा नाही, पसारा भरपूर. परीक्षेतले मार्क होते तिथंच आहेत, त्यासाठी करणार असाल तर राहू द्या. सनावळ्या पाठच कराव्या लागतात. सुरुवात दिवाळीनंतर करा. तेव्हा कापूस ताजा मिळतो, आणि मे महिन्याच्या आपल्याकडच्या उन्हात ओली वाटी दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही.