तळघराची भूकंप-तपासणी : एका सल्लासेवेचा अनुभव

कोल्हापुरातील आमच्या सोसायटीच्या नियोजित तळघराचा आराखडा ज्या स्थानिक सल्लागार कार्यालयाने तपासला, त्याचे काम मला मनापासून आवडले. जमिनीखालचे बांधकाम वरच्या मजल्यांसारखे मोकळे डोलत नाही, तर भोवतालची माती जशी सरकते तसे तेही वाकते, म्हणून केवळ भिंती जाड करून भागत नाही, हे त्यांनी जपानमधील १९९५ च्या कोबे भूकंपात दाइकाई भुयारी स्थानकाचे मधले खांब कसे चिरडले गेले त्याच्या आधारे समजावले. (१९६७ चा कोयनेचा भूकंप अनुभवलेल्या माझ्या वडिलांनी त्यांना पुष्कळ प्रश्न विचारले.) काळ्या मातीतून कंपलहरी किती वेगाने जातात, याची जागेवर घेतलेली मोजणीही अहवालात आहे, मात्र तो मराठीतही मिळायला हवा होता.