वही, लॅपटॉप की फोनमधला आवाज? प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकताना पोर्टफोलिओ कशात ठेवायचा

नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी एक पोर्टफोलिओ ठेवायला सांगतात. वर्गात काय शिकलो, कामावर काय घडलं, त्यातून आपण काय वेगळं करायला लागलो, हे वर्षभर स्वतःच्या शब्दांत लिहीत जायचं आणि सोबत पुरावे जोडायचे. तो कशात ठेवायचा, किती दिवसांनी लिहायचा, हे मात्र ज्याचं त्याने ठरवायचं. नागपूरजवळ बेशाला आमची निवासी इमारतीची साइट आहे. तिथल्या दोघांनी यंदा असा कोर्स लावला आणि दोघांचाही पहिला प्रश्न हाच होता, "ताई, वही घेऊ की लॅपटॉपवरच करू?"

मी दोन वर्षांच्या कोर्समध्ये तिन्ही प्रकार करून पाहिले. पहिले आठ महिने वही, मग वर्षभर कॉम्प्युटर, आणि मधले काही आठवडे फोनवर नुसतं बोलून. तिघांचं देणं वेगळं आहे. तुम्हाला यातलं नेमकं काय कमी पडतंय, ते पाहूनच निवड करा.

वही

बर्डीवरून घेतलेली दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची साधी वही. तिने मला काय दिलं ते एका प्रसंगातून सांगते.

मे महिना होता, तिसऱ्या मजल्याचा स्लॅब. नागपूरच्या उन्हात दुपारी काँक्रीट ओतणं म्हणजे भेगांना आमंत्रण, म्हणून काम रात्रीचं ठरलं. काँक्रीटच्या गाड्या वेळेवर आल्या, ते वर चढवणारा पंपच आला नाही. प्लँटवर माल भरल्यापासून साधारण दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी. आम्ही वाट पाहत राहिलो आणि शेवटी दोन गाड्या परत पाठवाव्या लागल्या. पहाटे साइट ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मी नोंद केली: "पंप उशिरा आल्याने तीन तास विलंब. दोन गाड्या परत. धडा: पुरवठादाराशी समन्वय वाढवणे."

घरी आले, झोप येईना, म्हणून वही उघडली. तीच रात्र वहीत अशी उतरली: "मंगळवारी संध्याकाळी मिस्त्री म्हणाला होता, मॅडम, पंपवाल्याचं काही कन्फर्म नाही होऊन राहिलं. मी ऐकलं. फोन केला नाही. पंपाचं काम सीनियरकडे होतं. मी विचारलं तर त्यांच्या कामात नाक खुपसते असं वाटेल, ही भीती होती."

पहिल्या नोंदीत खोटं काही नाही. पण ती वाचून मी सोमवारी सकाळी वेगळं काय करणार होते? 'समन्वय वाढवणे' हे कोणत्याच दिवशी करता येत नाही. वहीतली नोंद वाचल्यावर मात्र लक्षात आलं की त्याच महिन्यात वर्गात आम्ही रिस्क रजिस्टर, म्हणजे प्रकल्पातल्या जोखमींचा तक्ता, शिकलो होतो, आणि प्रत्येक जोखमीसमोर एका माणसाचं नाव हवंच, हे मी परीक्षेसाठी पाठही केलं होतं. आमच्या रजिस्टरमध्ये 'पंप न येणे' ही ओळ होती, तिच्यापुढचा रकाना कोरा होता. वहीत खाली लिहिलं: "स्लॅबच्या आदल्या दिवशी चार वाजता पंप, प्लँट आणि व्हायब्रेटरवाला, तिघांना मीच फोन करणार. सीनियरना हे आजच सांगणार." त्यांना सांगितलं, त्यांना ते बरंच वाटलं. चौथ्या स्लॅबला पंप गाड्यांच्या अर्धा तास आधी उभा होता.

वहीत हे का उतरलं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसलं की बोटं आपोआप साहेबांना पाठवायच्या रिपोर्टची भाषा लिहितात. वही कुणाला पाठवायची नसते. हात हळू चालतो, आणि वाक्य पूर्ण होईपर्यंत मनातलं पुढचं, जरा अवघड वाक्यही येऊन पोहोचतं. माझ्या पोर्टफोलिओत ज्या नोंदींनी मला खरोखर बदललं त्यातल्या बहुतेक सगळ्या आधी हाताने लिहिलेल्या आहेत.

वहीचे तोटेही खरे आहेत. शोधता काहीच येत नाही. शेड्यूलची प्रत, मीटिंगचे मिनिट्स (इतिवृत्त), फोटो जोडायचे तर चिकटवत बसा. सबमिशनच्या वेळी मी आठ महिन्यांच्या नोंदी टाइप करत चार रविवार घालवले. आणि कागद तो कागदच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा माझ्या एका वर्गमैत्रिणीच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरलं. तिच्या दोन वह्या फुगून विटेसारख्या झाल्या. जेलपेनची पानं निळ्या डागांनी भरून गेली, बॉलपेनने लिहिलेली मात्र वाळवल्यावर वाचता आली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, वही घेणार असाल तर बॉलपेन वापरा, आणि दर रविवारी त्या आठवड्याच्या पानांचे फोटो काढून ठेवा.

कॉम्प्युटर

कॉम्प्युटरने मला जे दिलं ते वहीने जन्मात दिलं नसतं. वर्षाच्या शेवटी मी सगळ्या नोंदींत एकच शब्द शोधला: 'मजूर'. चार वेगवेगळ्या नोंदी एकाखाली एक आल्या. होळीनंतर माणसं आठवडाभर परतली नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, साइटवर निम्मीच हजेरी. लग्नसराईत सेंट्रिंगची, म्हणजे स्लॅबचा साचा बांधणारी, टोळी अर्धी. आणि सगळ्यात मोठा खड्डा जुलै-ऑगस्टमध्ये, कारण आमची बरीच माणसं भंडारा, गोंदिया, बालाघाटकडची, आणि भाताच्या रोवणीला ती गावी जाणारच.

यातली प्रत्येक नोंद लिहिताना मी ती त्या आठवड्याची अडचण म्हणून लिहिली होती. चारही शेजारी आल्यावर दिसलं की ही अडचण आमच्या शेड्यूलमध्येच होती. सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरमध्ये आम्ही फक्त रविवार आणि सरकारी सुट्ट्या टाकल्या होत्या. रोवणी कुणी टाकलीच नव्हती. पुढच्या बेसलाइनमध्ये, म्हणजे ज्याच्याशी प्रगती ताडून बघतात त्या मंजूर शेड्यूलमध्ये, आम्ही त्या आठवड्यांची उत्पादकता आधीच कमी धरली आणि प्लास्टरचं काम पुढे सरकवलं. माझ्या अंतिम मूल्यांकनात सरांनी सगळ्यात जास्त प्रश्न याच पानावर विचारले.

पुरावे जोडायलाही कॉम्प्युटरला तोड नाही. जुनं शेड्यूल, बदललेलं शेड्यूल आणि मधली नोंद एकाच जागी दिसली की वाचणाऱ्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. खर्च शून्य. गूगलच्या खात्यात १५ जीबी जागा फुकट असते, पण ती जीमेल आणि फोटोंसकट. साइटचे व्हिडिओ टाकत गेलात तर सहा महिन्यांत भरेल. गूगल डॉक्स की वननोट, या वादात पडू नका, ज्यात हात बसलाय ते घ्या. मी सुरुवातीला दोन आठवडे नुसते रंगीत टेम्प्लेट लावण्यात घालवले आणि त्या दोन आठवड्यांची एकही नोंद माझ्याकडे नाही.

दोन गोष्टींत मात्र सांभाळा. पहिली गोपनीयता. कंत्राटाचे दर, क्लायंटचं नाव, सहकाऱ्याची चूक हे आपल्या खासगी ड्राइव्हवर आणि मग परीक्षकाकडे जातं. कंपनीचे कागद जोडण्याआधी परवानगी घ्या, नावं बदला, दर झाका. दुसरी गोष्ट नवी आहे. एआयला दोन ओळी दिल्या की तो पानभर सुबक चिंतन लिहून देतो. मीही एकदा करून पाहिलं. भाषा छान होती, पण मंगळवारी संध्याकाळी मिस्त्रीसमोर तो उभा नव्हता, मी होते. फोन न करण्याचं कारण त्याला कुठून कळणार? शुद्धलेखन तपासायला वापरा, नोंद लिहायला वापरू नका. शिकायचं ते तेवढंच काम असतं, तेही दुसऱ्याला दिलं तर फी कशाची भरतोय?

आवाज

वर्ग धरमपेठेत होता. सुटल्यावर एलएडी चौकातून मेट्रो, सीताबर्डीला गाडी बदलून उज्ज्वलनगर. तेवढ्या वेळात फोनवर बोलून नोंदी होतील असा माझा हिशोब होता. शेजारी माणसं बसलेली असताना 'मला भीती वाटली' असं मोठ्याने कुणी बोलत नाही. साइटवर बोलावं तर मिक्सरचा आवाज, आणि मराठी व्हॉइस टायपिंगला 'शटरिंग' आणि 'सेंट्रिंग' एकाच वाक्यात आले की ते गोंधळतं. शेवटी एकतीस रेकॉर्डिंग जमली, त्यातली सहा मी परत ऐकली. गाडी चालवणाऱ्याला किंवा रात्रपाळी करून थकलेल्याला दोन मिनिटांची आठवण टिपून ठेवायला आवाज चांगला. पोर्टफोलिओ त्याच्यावर उभा राहत नाही.

सहा प्रश्न की तीन?

कशात लिहायचं याच्याइतकाच नोंदीचा साचाही महत्त्वाचा. वर्गात दोन हमखास सांगतात. ग्रॅहॅम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या चक्रात सहा पायऱ्या आहेत: काय घडलं, काय वाटलं, काय चांगलं-वाईट झालं, का झालं, वेगळं काय करता आलं असतं, पुढच्या वेळी काय करणार. दुसरा साचा तीनच प्रश्नांचा: काय? मग काय? आता काय? हा टेरी बॉर्टन यांनी १९७० मध्ये शाळेतल्या शिकवण्याच्या संदर्भात मांडला आणि पुढे नर्सिंगच्या शिक्षणात तो फार रुळला.

दर आठवड्याला सहा पायऱ्या लिहायला घेतल्या तर तिसऱ्या आठवड्यात वही बंद पडते. माझी पडली होती. आठवड्याला तीन प्रश्न पुरतात. पण महिन्यातून एकदा, सगळ्यात जास्त खुपलेल्या प्रसंगाला, गिब्जच्या सहाही पायऱ्या द्याव्यात. आम्ही इंजिनिअर मंडळी त्यातली दुसरी पायरी हटकून कोरी सोडतो, 'काय वाटलं' याचा प्रकल्पाशी काय संबंध म्हणून. माझ्या पंपाच्या प्रसंगाचं मूळ नेमकं त्याच पायरीवर सापडलं.

डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या, अनुभवातून शिकण्याच्या चक्रातली एक गोष्टही उपयोगाची आहे. तिथे शेवटचा टप्पा असतो तो पुन्हा करून पाहण्याचा. म्हणून तिसऱ्या स्लॅबची नोंद चौथ्या स्लॅबच्या नोंदीशिवाय मी सबमिट केली नाही. परीक्षकाला नुसता निश्चय दाखवण्यापेक्षा त्याचं पुढे काय झालं ते दाखवा.

लिहायचं कधी? घडल्याच दिवशी तीन ओळी, रविवारी सकाळी अर्धा तास. रोजचं पान भरण्याचा नेम बहुतेकांना झेपत नाही.

मग कुणी काय घ्यावं

तुम्ही साइटवर, कारखान्यात, रुग्णालयात, म्हणजे उभ्याने काम करणारे असाल, तर वहीपासून सुरुवात करा. तुमच्याकडे घटना भरपूर असतात, त्यांच्याकडे प्रामाणिकपणे बघायला निवांत जागा नसते. ती वही देते.

नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या एखाद्या आयटी कंपनीत दिवसभर स्क्रीनसमोर असाल, तर कॉम्प्युटर घ्या, पण फाइल कंपनीच्या सिस्टिमवर ठेवू नका. साहेब बघू शकतील अशा फोल्डरमध्ये माणूस स्वतःबद्दल खरं लिहीत नाही. तरीही नोंदी रिपोर्टसारख्या वाटायला लागल्या तर महिन्याचा तो एक मोठा प्रसंग तरी कागदावर लिहून बघा.

पुढे पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) ही प्रमाणपत्राची परीक्षा द्यायचा विचार असेल तर कॉम्प्युटरचं पारडं आणखी जड. त्या अर्जात ३५ तासांच्या शिक्षणाचा पुरावा लागतोच, शिवाय प्रत्येक प्रकल्पाचा उद्देश, तुमची भूमिका, जबाबदाऱ्या आणि निष्पत्ती थोडक्यात लिहावी लागते, आणि अर्ज ऑडिटलाही जाऊ शकतो. तीन वर्षांपूर्वीच्या कामाची तारीख आणि भूमिका आठवत बसण्यापेक्षा एका शोधात सापडलेली बरी.

अजून नोकरीच नसेल तर काय लिहायचं, असं साइटवरच्या त्या दोघांपैकी एकाच्या धाकट्या बहिणीने विचारलं. कॉलेजचं गॅदरिंग, घरचं लग्न, सोसायटीतला गणपती, कशावरही लिहा. बजेट, मुदत आणि ऐन वेळी नकार देणारा मांडववाला तिथेही असतोच.

आणि एकच निवडायला जमत नसेल, तर मी आता करते तसं करा. घडलं त्या दिवशी वहीत. पानांना क्रमांक द्यायचे, पहिली दोन पानं अनुक्रमणिकेला कोरी सोडायची. रविवारी पानांचे फोटो, आणि प्रत्येक नोंदीची एक ओळ कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात: तारीख, पान, कशाबद्दल, पुढे काय ठरवलं. शोध त्या तक्त्यात घ्यायचा, वाचायचं वहीत. याला रविवारची वीस मिनिटं जास्त लागतात.

जाता जाता एक. कॉलेजने दिलेल्या ईमेल खात्यावर पोर्टफोलिओ ठेवला असेल तर निकाल लागायच्या आधी सगळं उतरवून स्वतःच्या खात्यावर घ्या. पास झाल्यावर ती खाती बंद होऊ शकतात. आमच्या बॅचमधल्या एकाच्या दोन वर्षांच्या नोंदी तशाच गेल्या, आता त्याच्याकडे फक्त छापलेली सबमिशनची प्रत उरली आहे.