ठाण्यातला डॉक्टरांसाठीचा जर्मन क्लास: शिकवणं ५ पैकी ५, फाइलचं काम १

नवरा जर्मन आहे म्हटल्यावर तुला क्लास कशाला, घरीच शिकशील की, हे मला आईपासून वॉर्डातल्या सिस्टरपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं. म्हणून हा रिव्ह्यू मुद्दाम जरा मोठा लिहितेय, लग्न करून जर्मनीत प्रॅक्टिस करायला निघालेल्या कुठल्याही डॉक्टरला हे आधी कळायला हवं. लग्नामुळे व्हिसा सोपा होतो, लायसन्स नाही. जर्मन नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला फॅमिली व्हिसासाठी साधारण ए-वन म्हणजे जर्मन भाषेची पहिली पातळी पुरते, तिथे नोकरी करायलाही परवानगी मिळते, पण डॉक्टर म्हणून उभं राहायचं तर आप्रोबात्सिओन म्हणजे डॉक्टरकीचं कायमचं लायसन्स लागतं आणि तिथे तुम्ही कोणाची सून आहात हे कोणी विचारत नाही. आधी बी-टू म्हणजे भाषेची चौथी पातळी, मग फाखश्प्राखप्र्यूफुंग म्हणजे सी-वन लेव्हलची डॉक्टरी भाषेची परीक्षा, आणि आपलं एमबीबीएस युरोपबाहेरचं म्हणून बहुतेकांना वर केन्टनिसप्र्यूफुंग म्हणजे वैद्यकीय ज्ञानाची परीक्षा, त्यात मेडिसिन आणि सर्जरीची तोंडी परीक्षा.

क्लास नौपाड्यात आहे, ठाणे स्टेशनवरून चालत जाता येतं. बी-टूपर्यंतचं त्यांचं शिकवणं नीट आहे, पण तेवढं दुसरीकडेही मिळेल, बी-टूची परीक्षा तर सगळेच काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवनात, म्हणजे मुंबईच्या गोएथे इन्स्टिट्यूटमध्ये देतात. चार मॉड्यूल, प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत, एखादं राहिलं तर तेवढंच परत देता येतं. पैसे वसूल होतात ते पुढच्या मेडिकल बॅचमध्ये.

तिथे शिकवणाऱ्या मॅडम स्वतः पेशंट होऊन बसतात. पोटावर हात धरून, बारीक आवाजात, विचारलं एक तर सांगणार दुसरंच, मध्येच मुलीच्या घटस्फोटावर घसरणार, आणि आपण त्यांना न दुखावता परत दुखणं कधीपासून, उलटी झाली का, गोळ्या कुठल्या चालू आहेत, ॲलर्जी आहे का, इथे आणायचं. एका मुलाने घाईत गोळीचा डोस विचारलाच नाही तर त्यांनी तिथल्या तिथे थांबवलं आणि सगळी हिस्टरी पहिल्यापासून घ्यायला लावली. २० मिनिटं झाली की गजर वाजतो. मग २० मिनिटांत कॉम्प्युटरवर आर्ट्सब्रीफ, म्हणजे पेशंटबद्दल दुसऱ्या डॉक्टरला लिहायचं पत्र, त्यात पेशंटने सांगितलेलं सगळं कॉन्युन्क्टिवमध्ये, म्हणजे 'असं पेशंट म्हणतो' हे दाखवणाऱ्या क्रियापदाच्या रूपात लिहायचं, आणि शेवटच्या २० मिनिटांत तीच केस सिनियर डॉक्टरला सांगायची. अपेंडिक्सच्या सुजेला पेशंटसमोर साध्या भाषेत ब्लिन्डडार्मएन्टत्स्युन्डुंग म्हणालात तर सिनियरसमोर तेच अपेन्डित्सीटिस. खरी फाखश्प्राखप्र्यूफुंग अशीच तीन भागांची असते, त्यामुळे ही सवय लागणं फार म्हणजे फार मोलाचं आहे.

हे घरी होत नाही. माझा नवरा इंजिनियर आहे, तो मनापासून मदत करतो, सासूबाई डॉर्टमुंडहून रोज फोनवर बोलतात त्याने कान छान तयार झाला, पण आर्ट्सब्रीफ त्या दोघांनीही कधी लिहिलेलं नाही, मग चुका दाखवणार कोण? मॅडम प्रत्येक पत्र लाल पेनाने तपासून देतात, नामाआधीचं डेर-डी-डास हे आर्टिकल चुकलं तरी गोल करतात.

आता एक स्टार का ते. क्लासवाले वेगळे पैसे घेऊन लायसन्सच्या अर्जाच्या कागदांची "फाइल आम्ही बनवतो" म्हणतात. ते घेऊ नका. माझं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे डॉक्टर म्हणून माझ्यावर काही कारवाई नाही असा मेडिकल कौन्सिलचा दाखला, त्यांनी सगळ्यात आधी काढायला लावलं, आणि ते जुनं चालत नाही, बऱ्याच ठिकाणी तीन महिन्यांच्या आतलंच मागतात, त्यामुळे नाशिकहून एमयूएचएस म्हणजे आपल्या आरोग्य विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि मार्कांचा अधिकृत तपशील) येईपर्यंत ते बाद झालं आणि परत महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे अर्ज करावा लागला. भाषांतरं पण त्यांच्या ओळखीच्या माणसाकडून करून आणली, तो शपथबद्ध भाषांतरकार नव्हता, सगळी नव्याने करावी लागली. पैसे परत मागितले तर "बघतो" एवढंच उत्तर. शिकवणाऱ्या मॅडमचा यात काही संबंध नाही, ऑफिस वेगळं आहे, पण ज्याचं करिअर त्या कागदांवर अडकलंय त्याला असं वागवणं बरोबर नाही.

फाइल स्वतःच करा. जर्मनीत प्रत्येक राज्याचं ऑफिस वेगळं आणि कागदांची यादीही वेगळी. नवरा किंवा बायको जिथली आहे ते राज्य आधी धरा, आमचं नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेन म्हणून म्युन्स्टरचं बेत्सिर्क्सरेगीरुंग म्हणजे विभागीय सरकारी ऑफिस, आणि त्यांची यादी समोर ठेवूनच कामाला लागा, ट्रान्सक्रिप्ट पहिली, गुड स्टँडिंग अगदी शेवटी. जोडीदाराला ऑफिसला फोन करायला सांगा, घरातल्या जर्मन माणसाचा खरा उपयोग इथे होतो. तोपर्यंत बेरुफ्सएर्लाउब्निस म्हणजे देखरेखीखाली काम करायची तात्पुरती परवानगी मिळू शकते, जास्तीत जास्त दोन वर्षं, तिचीही चौकशी तेव्हाच करून ठेवा.

मेडिकल बॅच फक्त शनिवार-रविवार सकाळी असते, नाइट ड्युटीवाल्यांना जड जाते, पण रेकॉर्डिंग देतात. बॅच छोटी ठेवतात म्हणून लवकर भरते. बी-टूचा रिझल्ट यायच्या आधीच नाव नोंदवा आणि फी भरताना फाइलचं पॅकेज नको असं लिहून घ्या.