डायल-अप पत्त्यांवरचा स्पॅम अडवताना: आठ महिने पीबीएल वापरल्यावर

आमचा मेल सर्व्हर लहान आहे, पोस्टफिक्स या मेल सॉफ्टवेअरवर चालतो आणि सांभाळणारा मी एकटाच. आठ महिन्यांपूर्वी त्यावर स्पॅमहॉस या स्पॅमविरोधी संस्थेची पीबीएल यादी लावली; घरगुती जोडण्यांसारख्या, थेट मेल पाठवू नये अशा इंटरनेट पत्त्यांची ही यादी. त्याआधी लॉग उघडला की एकाच छापाची होस्टनावं दिसायची: आयपीचे (इंटरनेट पत्त्याचे) चार आकडे, मध्ये डॅश, पुढे 'डायल', 'पूल' नाहीतर 'डायनॅमिक'. कुणाच्या तरी घरचा व्हायरस लागलेला कॉम्प्युटर थेट आमच्या पोर्ट २५ वर, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या दारावर, धडकतोय, हे त्यावरूनच कळायचं. डायल-अप गेलं, पण त्याची जागा घेतलेल्या ब्रॉडबँडच्या बदलत्या पत्त्यांवरून तोच उद्योग चालू आहे.

ही यादी कुणाला गुन्हेगार ठरवत नाही, हे आधी समजून घ्या. या पत्त्यावरून परक्या सर्व्हरला थेट मेल जायचं कारण नाही, एवढंच ती सांगते. आपला सर्व्हर डीएनएसमार्फत (नावांवरून पत्ते शोधणारी यंत्रणा) यादीला पत्ता विचारतो; उत्तर १२७.०.०.१० आलं तर ती नोंद इंटरनेट कंपनीने स्वतः दिलेली असते, ११ आलं तर स्पॅमहॉसने केलेली.

पहिला आठवडा मी फक्त नोंद ठेवली, काहीही नाकारलं नाही. मग अडवायला सुरुवात केली आणि फरक लगेच जाणवला. मेलचा मजकूर घेण्याआधीच नकार जातो, त्यामुळे स्पॅम फिल्टरवरचा ताण उतरला.

दुसऱ्याच दिवशी आमच्याच एका सहकाऱ्याचा फोन: "घरून मेल जात नाहीये." चूक माझी होती. यादी तपासणारी ओळ मी लॉगिन केलेल्यांना सोडणाऱ्या ओळीच्या वर लिहिली होती आणि त्यांच्या घरचा पत्ता अर्थातच यादीत होता. ओळी खालीवर केल्या आणि मग सगळ्यांचे मोबाइल, लॅपटॉप एकेक करून पोर्ट ५८७ वर नेले. लॉगिन करून आपल्या सर्व्हरकडे मेल सोपवायची, याच कामासाठी हे पोर्ट १९९८ मध्ये ठरवून दिलेलं आहे. मी ते इतकी वर्षं वापरलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

खरा घाम फुटला तो तिसऱ्या महिन्यात. सर्व्हर हलवताना डीएनएससाठी एक सार्वजनिक रिझॉल्व्हर (डीएनएसचे प्रश्न विचारून उत्तरं आणणारा, सगळ्यांसाठी खुला सर्व्हर) लावला. तशा रिझॉल्व्हरमार्फत विचारलं की स्पॅमहॉस खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ हा एररचा कोड पाठवतं. माझ्या सेटिंगमध्ये मात्र कुठलंही उत्तर आलं की 'यादीत आहे' असाच अर्थ होता. सकाळभर येणारी प्रत्येक मेल ५५४ हा कायमच्या नकाराचा कोड देऊन परत गेली. लॉगमध्ये रोजच्या ओळखीच्या लोकांची नावं एकाखाली एक नाकारलेली बघताना पोटात गोळा आला. ज्यांची ज्यांची मेल परतली होती, त्यांना पुन्हा पाठवायची विनंती केली. आता सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर चालतो आणि १२७.०.०.२ ते ११ एवढीच उत्तरं ग्राह्य धरली जातात. शिवाय दर तासाला एक स्क्रिप्ट बघते: १२७.०.०.२ हा चाचणीचा पत्ता यादीत सापडलाच पाहिजे, १२७.०.०.१ सापडता कामा नये. हे तिन्ही पहिल्याच दिवशी करा.

तपासायचा तो फक्त आपल्याशी थेट जोडलेला पत्ता. मेल आधी कुठून कुठून आली हे सांगणाऱ्या जुन्या 'रिसीव्ड' हेडरमध्ये शिरलात तर सज्जनांची मेलही अडेल, कारण घरून लिहिलेल्या मेलचा प्रवास अशाच पत्त्यावरून सुरू होतो.

चोरलेल्या पासवर्डने खऱ्या खात्यांतून येणारा स्पॅम यातून सुटतो, त्याला फिल्टर हवाच. स्थिर पत्त्यावर स्वतःचा सर्व्हर चालवणारा एखादा प्रामाणिक माणूसही कधीकधी अडकतो. नकारासोबत कारण मिळतं, त्यामुळे तो स्वतः अर्ज करून नाव काढून घेऊ शकतो. तोवर मी त्याचा पत्ता आमच्या सूट-यादीत टाकतो.