५०२ ची शिवी एन्जिनएक्सला: फोंड्यातल्या एका पावसाळ्याचा अनुभव

फोंड्यातल्या एका घाऊक किराणा व्यापाऱ्याकडचं संगणकाचं सगळं मी बघतो. बिलिंग, गोदामाचा स्टॉक आणि हजेरी अशी तीन सॉफ्टवेअरं, प्रत्येकाचा पोर्ट (मशीनवरचं क्रमांकाचं दार) वेगळा आणि बाहेरून यायचा पत्ता मात्र एकच. म्हणून पुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर प्रॉक्सी, म्हणजे मधला दलाल, म्हणून बसवला; आलेली विनंती ज्याची त्याच्याकडे पोचवणं एवढंच त्याचं काम. मशीनवर डेबियन १२ हे लिनक्स आहे, आणि त्याच्यासोबत येणारी एन्जिनएक्सची १.२२ आवृत्ती. पावसाळ्याआधी चालू केला, चवथ आणि दिवाळीची गर्दी त्यावरून गेली.

वेगाबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. इगोर सिसोएव यांनी २००४ साली तो खुला केला तेव्हा एका वेळी दहा हजार जोडण्या पेलणं हे लक्ष्य होतं. आमची माणसं हाताच्या बोटांवर नाही, पण दोन खोल्यांत मावतील एवढीच. जुन्या पीसीवरही तो जागा आहे की नाही हे शोधावं लागतं. खरी परीक्षा बिघाडात होते.

फोन येतो, "सायट उगडना!" (साइट उघडत नाही!) स्क्रीनवर ५०२ बॅड गेटवे आणि खाली एन्जिनएक्सचं नाव. मग सगळं ऑफिस त्यालाच शिव्या घालतं. बहुतेक वेळा तो फक्त निरोप्या असतो: मागच्या सॉफ्टवेअरकडून धड उत्तर आलं नाही, एवढंच तो सांगत असतो. कारण त्या पानावर नसतं, एरर लॉगमध्ये, म्हणजे चुकांच्या नोंदवहीत, असतं. ओळीत १११, कनेक्शन रिफ्यूज्ड दिसलं की त्या पोर्टवर कुणी ऐकतच नाहीये, म्हणजे बिलिंगची सर्व्हिस पडली आहे. ११० असेल तर वाट बघून वेळ संपली, आणि पानावर बहुधा ५०२ ऐवजी ५०४ दिसतो. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर १३, परमिशन डिनाइड आलं तर आधी एसईलिनक्स या सुरक्षेच्या पहारेकऱ्याकडे बघा. हे तीन आकडे पाठ असले की निम्मा त्रास वाचतो.

आता पावसाळा. स्टॉकचं सॉफ्टवेअर गोदामातल्या वेगळ्या मशीनवर आहे आणि सेटिंगमध्ये त्या मशीनचं नाव लिहिलेलं होतं. लाईट जाऊन आली की सर्व्हर आणि राउटर एकदमच उठायचे, पण राउटर कुठल्या नावाचा आयपी (मशीनचा आकडी पत्ता) कोणता हे सांगायला लागायला जरा वेळ घेतो. तेवढ्यात एन्जिनएक्स सुरू व्हायला बघतो, नाव सापडत नाही, लॉगमध्ये 'होस्ट नॉट फाउंड इन अपस्ट्रीम' लिहितो आणि उठायलाच नकार देतो. चूक एका नावाची, बंद तिन्ही साइट! दुसरी गंमत अशी की साधं नाव दिलं तर तो ते सुरू होताना एकदाच विचारतो. नंतर गोदामातल्या मशीनला नवा आयपी मिळाला तरी हा बिचारा रीलोड करेपर्यंत (सेटिंग पुन्हा वाचायला लावेपर्यंत) जुन्याच दारावर थापा मारत बसतो.

त्यावर रिझॉल्व्हर (नाव विचारायचा सर्व्हर) देऊन प्रॉक्सी_पासमध्ये (विनंती कुठे पाठवायची ती ओळ) व्हेरिएबल वापरण्याची युक्ती आहे, आणि १.२७.३ पासून फुकटच्या आवृत्तीतही अपस्ट्रीमला (मागच्या सर्व्हरांच्या यादीला) रिझॉल्व्ह लावता येतं. मी त्या वाटेला गेलो नाही. राउटरमध्ये गोदामाच्या मशीनचा आयपी पक्का केला आणि सेटिंगमध्ये नावाऐवजी तोच आकडा टाकला. त्यानंतर मृगाच्या विजा काय, आषाढातला पाऊस काय, लाईट आली की साइट आपसूक उभी.

मूळ सेटिंगबद्दल माझी तक्रार आहे. अपलोडची मर्यादा १ एमबी. सेल्समन डिचोलीहून मोबाइलवर बिलाचा फोटो काढून पाठवतो तो ३-४ एमबीचा, आणि त्याच्या हाती पडतं ४१३, म्हणजे फाइल फार मोठी. आजच्या काळात हा आकडा कुणाच्या कामाचा? क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ पहिल्याच दिवशी वाढवून घ्या. महिनाअखेरच्या रिपोर्टला ५०४ येतो तो ६० सेकंदांच्या प्रॉक्सी_रीड_टाइमआउटमुळे. हे ६० सेकंद सगळ्या उत्तरासाठी नसतात, मागून येणाऱ्या दोन तुकड्यांमधल्या शांततेसाठी असतात. आमचा रिपोर्ट पूर्ण तयार होईपर्यंत एक अक्षर पाठवत नाही, म्हणून तो हमखास अडकायचा. फक्त त्या लोकेशनपुरती (साइटच्या त्या मार्गापुरती) मर्यादा वाढवली. सगळीकडे वाढवली तर मेलेली सर्व्हिससुद्धा जिवंत वाटते.

प्रॉक्सी_पासच्या पत्त्याशेवटची तिरकी रेघ नीट बघा. लोकेशन /स्टॉक/ असेल आणि पत्ता ८०८०/ असा रेघेवर संपत असेल, तर मागे जाताना /स्टॉक/ गळून पडतं. रेघ नसेल तर पूर्ण मार्ग जसाच्या तसा जातो. दोन्ही प्रकार बरोबरच, पण मागच्या सॉफ्टवेअरला काय हवं ते विचारून ठरवा, नाहीतर ४०४ चा पाऊस. हजेरीत सगळ्यांचा आयपी १२७.०.०.१ दिसत असेल तर एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडर (मूळ पाहुण्याचा आयपी सांगणारी चिठ्ठी) पाठवा. लॉगिनचं पान स्वतःभोवतीच गिरक्या घेत असेल तर बहुधा एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो (मूळ जोडणी एचटीटीपी की एचटीटीपीएस हे सांगणारं हेडर) राहिलेलं असतं.

सगळ्यात उपयोगी पडली ती अ‍ॅक्सेस लॉगमध्ये घातलेली दोन मापं: रिक्वेस्ट_टाइम (एकूण लागलेला वेळ) आणि अपस्ट्रीम_रिस्पॉन्स_टाइम (मागच्या सॉफ्टवेअरने घेतलेला वेळ). दोन्ही सारखे मोठे असले तर मागचं सॉफ्टवेअर रेंगाळतंय. पहिला मोठा आणि दुसरा छोटा असेल तर बघणाऱ्याचं इंटरनेट रडतंय. सॉफ्टवेअरवाल्याला हा लॉग पाठवल्यापासून "तुमचा प्रॉक्सीच स्लो आहे" हे वाक्य ऐकलेलं नाही.

बदल केल्यावर आधी एन्जिनएक्स -टी (सेटिंग तपासणारी आज्ञा), मग रीलोड. रीलोडमध्ये फाइल चुकीची निघाली तर जुनी सेटिंग चालू राहते. तशाच चुकीच्या फाइलवर रीस्टार्ट केलंत तर धंदाच बंद.

शेठना आता ऑफिसातल्या सगळ्यांचं इंटरनेटही यातूनच न्यायचं आहे. त्याला मी नाही म्हटलं. एचटीटीपीएस साइटसाठी लागणारी कनेक्ट पद्धत (बाहेरच्या साइटपर्यंत थेट बोगदा मागणारी विनंती) आमच्या आवृत्तीला येत नाही. ते काम स्क्विड या प्रॉक्सीचं, आणि तो मी वेगळ्या मशीनवर लावतोय.