जुन्या चॅपेलमधला फ्लॅट की नवीन टॉवरमधला? पोरं इंग्लंडात असणाऱ्या बेळगावकरांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच पोरं आता इंग्लंडात सेटल झाल्यात, आणि भाडं भरून कंटाळली की एक दिवस घरच्या व्हॉट्सॲपवर दोन लिंका येऊन पडतात. एक नवीन टॉवरमधला दोन बेडरूमचा फ्लॅट, आणि तेवढ्याच पैशात दुसरा "चॅपेल कन्व्हर्जन", म्हणजे बंद पडलेल्या चर्चच्या इमारतीत पाडलेला. मग इकडं टिळकवाडीत आई म्हणते, चर्चमध्ये कसलं राहायचं रे, खाली कुणाला पुरलं असलं तर? आणि बाबा म्हणतात दगडी बांधकाम आहे, शंभर वर्षं हललेलं नाही, डोळे झाकून घे. दोघंही अर्धे बरोबर. माझं मत आधीच सांगून टाकतो, चॅपेल घ्यायला हरकत नाही, पण इमारत किती जुनी यावर भाळण्याआधी ती कुठल्या पंथाची होती आणि आत फ्लॅट कुठल्या साली पाडले ते विचारा, निम्मे प्रश्न तिथंच सुटतात.

आपल्या डोळ्यांसमोर चर्च म्हणजे कॅम्पातलं सेंट मेरीज, गॉथिक कमानी, मोठं आवार, आणि रविवारी माणसं येणारं चालू चर्च. विकायला निघणारी चॅपेल बहुतेक वेळा तशी नसतात. यॉर्कशायर, लँकेशायर, कॉर्नवॉल, वेल्स इकडं गिरणी नाहीतर खाणकामगारांच्या वस्तीत वर्गणी काढून बांधलेल्या साध्या दगडी पेट्या त्या, पुढं त्रिकोणी माथा, त्यावर साल आणि झायन, एबेनेझर, बेथेल असलं एखादं नाव. खाली पायाच्या दगडांवर ज्यांनी पैसे दिले त्यांची नावं कोरलेली असतात, आपल्या देवळाच्या पायरीवर "अमुक यांचेकडून रु. ५१" असतं ना, अगदी तसंच. १८२० मध्ये बेळगावात आलेली लंडन मिशनरी सोसायटीची माणसं, ज्यांच्या कामातून बेनन स्मिथ शाळा उभी राहिली, तीही बरीचशी असल्याच बिशप न मानणाऱ्या साध्या परंपरेतली.

मग ही चॅपेल रिकामी का पडली? लोक देवाला विसरले एवढंच कारण नाही. मेथडिस्ट हा चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळा निघालेला पंथ, त्यांचे वेस्लियन, प्रिमिटिव्ह, युनायटेड असे वेगवेगळे गट होते आणि प्रत्येकाला आपलं चॅपेल हवं होतं, त्यामुळं एकाच गावात, कधी कधी एकाच रस्त्यावर दोन-तीन चॅपेल. १९३२ साली हे तिन्ही गट एक झाले, आणि एक झाल्यावर तीन छपरं कोण सांभाळणार? गिरण्या बंद पडल्या, माणसं कमी झाली, मग एकेक चॅपेल विकत गेलं, कुठं कार्पेटचं दुकान झालं, कुठं गोडाऊन, आणि मग कधीतरी एखाद्या बिल्डरनं आत स्लॅबऐवजी लाकडी नाहीतर लोखंडी तुळयांवर मजले टाकून सहा-आठ फ्लॅट काढले.

चर्च ऑफ इंग्लंड, म्हणजे तिथल्या बिशपवाल्या अधिकृत चर्चची गोष्ट वेगळी. त्यांचं चर्च बंद करायला कायद्यानं ठरवून दिलेली लांबलचक प्रोसेस आहे, १९६९ पासून त्यांची दीड हजारांपेक्षा जास्त चर्च अशी बंद झाल्यात, आणि विकताना ते करारात अटी घालतात, बाहेरून बदल करायचा नाही, दारूविक्री नाही, जुगार नाही. (घरात बसून प्यायला कुणी अडवत नाही, काळजी नसावी.) जुन्या चॅपेलच्या कागदातही अशा अटी असू शकतात, म्हणून वकिलाला मूळ विक्रीखत वाचायलाच लावा. कबरींचं म्हणाल तर शहरातल्या गल्लीतल्या चॅपेलला बऱ्याचदा दफनाला जागाच नसायची, आईंना तेवढं सांगा. खेड्यातलं असेल आणि बाजूला कबरी असतील तर त्या जागेवर बांधकाम करण्यावर १८८४ च्या कायद्यापासून बंधनं आहेत, आणि नातेवाइकांना तिथं यायचा हक्क करारात राखलेला असू शकतो, म्हणजे तुमच्या पार्किंगमधून कुणी फुलं घेऊन जाईल. मला तरी त्यात वाईट काही दिसत नाही.

आता आतून बघूया. चॅपेलची खिडकी उंचच उंच असते आणि मजला तिच्या बरोबर मधून जातो. त्यामुळं खालच्या फ्लॅटला खिडकीचा चौकोनी भाग मिळतो आणि ती छतात घुसल्यासारखी वाटते, वरच्याला कमान मिळते पण ती घोट्यापासून सुरू होते, पडदा कुठं लावायचा हाच प्रश्न. अगदी वरच्या फ्लॅटात बेडरूमच्या मधून छपराची मोठी तुळई आडवी जाते, फोटोत झकास दिसते, रात्री पाण्याला उठलात की कपाळाला लागते. फोटोवर जाऊ नका, पोराला टेप घेऊन पाठवा आणि पूर्ण उभं राहता येतं तेवढीच जागा मोजायला सांगा. नवीन टॉवरमध्ये ही भानगड नाही, खोल्या लहान पण सरळ, लिफ्ट आहे, डबल काच आहे, हीटिंगचं बिल कमी. चॅपेलात काच एकेरी असली आणि इमारत लिस्टेड, म्हणजे वारसा यादीतली असली तर ती बदलायला वेगळी परवानगी लागते, न घेता बदलली तर तो चक्क गुन्हा आहे, आणि गंमत म्हणजे आधीच्या मालकानं परवानगीशिवाय काही केलं असेल तर ते पूर्ववत करायची नोटीस आजच्या मालकाला येते, किती का वर्षं झालेली असेनात.

साल विचारा म्हटलं ते आवाजासाठी. जुलै २००३ पासून तिकडं असे फ्लॅट पाडताना दोन घरांमधून आवाज किती जातो याची टेस्ट करावी लागते, भिंतीतून किमान ४३ डेसिबल अडायला पाहिजेत, नवीन बांधकामाला ४५, म्हणजे फार फरक नाही. पण ऐंशीच्या दशकातलं कन्व्हर्जन असेल तर वरचा माणूस खुर्ची सरकवतो ती सुद्धा कळते. दुसरं, १९९१ च्या बांधकाम नियमांत न बसणारं कन्व्हर्जन असेल आणि दोन तृतीयांशापेक्षा कमी फ्लॅटात मालक स्वतः राहत असतील तर ती इमारत कायद्यानं वेगळ्या वर्गात जाते, काही ठिकाणी त्याला लायसन्सही लागतं. २००३ नंतरचं कन्व्हर्जन असेल तर माझी अर्धी शंका तिथंच संपते.

टॉवरवाल्यांनीही हुरळून जायचं कारण नाही. जून २०१७ मध्ये लंडनला ग्रेनफेल टॉवर जळाला, ७२ माणसं गेली, आणि बाहेरच्या क्लॅडिंगचा, म्हणजे भिंतींवर लावलेल्या आवरणाचा प्रश्न देशभर उघडा पडला. तेव्हापासून उंच इमारतीचा फ्लॅट म्हटलं की बँक बाहेरच्या भिंतीचे कागद मागू शकते, ते नसतील तर लोन अडतं आणि पुढं विकतानाही तेच. दगडी चॅपेलला ही कटकट सहसा नसते. उलट टॉवरला बहुतेक वेळा दहा वर्षांची वॉरंटी मिळते, जुन्या कन्व्हर्जनची ती संपलेली असते नाहीतर कधी नव्हतीच.

बेळगावच्या माणसाला खरा धक्का बसतो तो मालकीचा. आपल्याकडं फ्लॅट घेतला की जमिनीत यूडीएस, म्हणजे अविभक्त वाटा मिळतो, खात्यावर नाव चढतं, ईसी, म्हणजे बोजाचा दाखला काढला की मन शांत. तिकडं दोन्ही फ्लॅट लीजवर, ९९, १२५ नाहीतर ९९९ वर्षं, आणि जमीन दुसऱ्याचीच. लीज ८० वर्षांच्या खाली गेली की वाढवून घेणं महाग पडतं. ३० जून २०२२ नंतरच्या नवीन लीजवर ग्राउंड रेंट, म्हणजे जमिनीचं भाडं, जवळपास शून्य, जुन्यांवर असू शकतो. इथं मात्र चॅपेल बऱ्याचदा पुढं असतं, कारण आठ घरांनी मिळून कंपनी काढून जमिनीची मालकीच घेतलेली असते, तसं असेल तर जाहिरातीत "शेअर ऑफ फ्रीहोल्ड" लिहिलेलं दिसेल. टॉवरमध्ये मॅनेजिंग एजंट बिल पाठवणार, तुम्ही भरणार.

पण आठच घरं याची दुसरी बाजूही आहे. छपराची स्लेट आणि शिशाच्या पन्हळी बदलायचा खर्च परांची बांधण्यापासून समजा ८०,००० पौंड आला तर घरटी १०,००० बसतात, टॉवरमध्ये असलाच खर्च शंभर घरांत जिरतो. म्हणून चॅपेल बघताना सर्व्हिस चार्ज (देखभालीचं बिल) कमी दिसला तर खूश होऊ नका, राखीव फंडात किती शिल्लक आहे ते विचारा, आणि छप्पर शेवटचं कधी केलं ते. आणि हो, छपरात वटवाघळं असली तर त्यांना परवान्याशिवाय हलवता येत नाही, तिकडं त्यांना कायद्याचं संरक्षण आहे.

पोरगं पाच वर्षांत नोकरी बदलून दुसऱ्या शहरात जाणार असेल तर मी टॉवर म्हणेन, भिंतीचे कागद क्लिअर असले तरच. दहा वर्षं तिथंच राहायचं असेल, कन्व्हर्जन २००३ नंतरचं, जमिनीत वाटा आणि फंडात पैसे असतील तर चॅपेल, आणि शक्यतो खालचा फ्लॅट.

पैशाचं एक दोन्हीकडं लागू आहे. इथून वर्षाला माणशी २.५ लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, १० लाख रुपयांवरच्या रकमेला २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर कापतात, तो रिटर्न भरताना ॲडजस्ट होतो. पण बाबांनी प्रेमानं स्वतःचं नाव करारात घालू नये. कारण बाबांच्या नावावर शहापुरातलं घर असलं तरी इंग्लंडची स्टॅम्प ड्युटी ते दुसरं घर धरते आणि ५ टक्के जास्त लावते, बाबा तिकडं राहत नाहीत म्हणून वर आणखी २ टक्के, आणि पोराला पहिल्या घराची मिळणारी सूटही जाते. नाव पोराचं एकट्याचं घालायचं आणि पैसे गिफ्ट म्हणून द्यायचे, बँक तसं सहीचं पत्र मागते, ते लिहून द्यायचं.